साडीआड वाकलेले गुडघे

कोरेगावच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल असा आमचा लग्नानंतरचा फोटो लावलेला आहे. स्टुडिओत काढलेला. मागं निळा पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं आणि दोन बदकं. फोटोत मी आणि माझी बायको शेजारी शेजारी उभे आहोत आणि आमचे खांदे एका रेषेत आहेत. येणारा पाहुणा फोटो बघतो आणि म्हणतो, जोडा शोभतो हो. सव्वीस वर्षं लोक असं म्हणत आले आणि सव्वीस वर्षं मी मान हलवत आलो.

माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. तिची पाच फूट नऊ.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी करतो. बांधाच्या एका वितीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांना हसलो आहे. माझं स्वतःचं भांडण तीन इंचांचं होतं, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

ती सांगलीची. लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळायची. बघायला गेलो तेव्हा पोह्यांचा ट्रे घेऊन मान खाली घालून आली आणि पटकन सतरंजीवर बसली. मध्यस्थानं आम्हाला आधी एवढंच सांगितलं होतं, "पोरगी जराशी उंच हाय." प्रश्न विचारून झाले, ती उठली, आणि उठतच राहिली. माझ्या आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. दारातून आत जाताना तिनं सवयीनं मान वाकवली, तरी डोकं चौकटीला लागलं, आणि ती स्वतःशीच हसली. त्या हसण्यासाठी मी हो म्हणालो. हे मी आजही शपथेवर सांगेन. तिची उंची मला त्या दिवशी खुपली नाही. खुपली ती नंतर, लोकांच्या डोळ्यांतून.

लग्नात हार घालायच्या वेळी मामानं मला कमरेला धरून उचललं. नवऱ्या मुलाला उचलतात ते चेष्टा म्हणून. माझ्या बाबतीत गरज म्हणून उचललं, हे मांडवातल्या शेवटच्या रांगेलाही कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "शिडी आणा रं शिडी!" मांडव हसला. मीही हसलो. कान मात्र तापले होते.

पूजा झाल्यावर जोडप्यानं स्टुडिओत जाऊन फोटो काढायची आमच्याकडे पद्धत होती. आम्ही गेलो तेव्हा माझे दोन मित्रही सोबत आले होते. फोटोग्राफरनं आम्हाला उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि काही न बोलता कोपऱ्यातला लाकडी पाट आणून माझ्या पायांशी ठेवला. त्याच्यासाठी ते रोजचं काम होतं. पाट मधोमध झिजलेला होता. माझ्याआधी कितीतरी नवरे त्यावर उभे राहून गेले असणार. मीही त्यावर उभा राहिलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण एक मित्र म्हणाला, "चढ रं गड्या, लाजतोस काय." मी पाट पायानं बाजूला सारला आणि तिला म्हणालो, "तूच जरा गुडघ्यात वाक."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साडीच्या निऱ्यांआड गुडघे वाकवले आणि खाली आली, बरोबर माझ्या खांद्याइतकी. फोटोग्राफरचा दिवा पेटेना. वायर हलव, बटण दाब, असं त्याचं चाललं होतं. तेवढा सगळा वेळ ती तशीच उभी. चेहऱ्यावर ताण नाही, पाय थरथरत नाहीत. मला वाटलं, बाई सोशिक आहे. पुढं कधीतरी तिनंच सांगितलं की मैदानावर त्यांचे सर त्यांना तसंच गुडघ्यात वाकवून मिनिटंच्या मिनिटं उभं करायचे. समोरच्या खेळाडूला अडवायचं असेल तर आधी तसं उभं राहता यावं लागतं. तिच्या खेळातली ती ताकद मी कशासाठी वापरली, याचा विचार करायला मला पंचवीस वर्षं लागली.

त्या दिवसानंतर मी तिला वाक म्हणून पुन्हा कधीच सांगितलं नाही. सांगावंच लागलं नाही.

ती सपाट चपला घालायला लागली. बायकांच्या घोळक्यात बसून राहायची. आमच्या घरापासून स्टेशनकडं जाणारा रस्ता एका बाजूला उतरता आहे, कडेला गटार आहे. बरोबर चालताना ती नेहमी गटाराच्या बाजूनं चालायची, म्हणजे आपोआप दोन-तीन इंच खाली. मला ते लग्नानंतर महिन्याभरातच लक्षात आलं. मोजणीवाल्याच्या लक्षात येणारच. आणि लक्षात आल्यावर मी काय केलं? रस्त्याला लागलो की वरची बाजू धरली.

खेळाचंही तसंच झालं. गावातल्या शाळेच्या पटांगणात एक गंजलेली रिंग होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ती भाजी घेऊन परतताना शाळेतल्या मुलींबरोबर पदर खोचून खेळली. अर्धा तास खेळली असेल. दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर एकानं मला विचारलं, "काय रं, आंबं काढायला बायको केलीस व्हय? आकडीचा खर्च वाचला की." सगळे खो खो हसले. मी घरी येऊन तिच्याशी भांडलो नाही. दोन दिवस बोललो नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी तिनं कारणही विचारलं नाही. पटांगणावर मात्र पुन्हा गेली नाही.

हळूहळू तिच्या पाठीला पोक आलं. तिच्या आईच्या घरी कुणालाच नव्हतं.

आम्हाला एक मुलगी आहे. आता पुण्यात नोकरी करते. ती आईच्या उंचीवर गेली. सातवी-आठवीत असताना आरशासमोर उभी राहून ती खांदे पुढं घ्यायची, मान खाली घ्यायची. आईची चाल तिनं तशीच्या तशी उचलली होती. त्या वर्षी प्रगतिपुस्तकावर बाईंनी शेरा लिहिला, "अभ्यासात चांगली. पाठ ताठ ठेवावी." मी शेरा वाचला. दोनदा वाचला. त्याखाली पालकाची सही करून पुस्तक तिच्या दप्तरात ठेवून दिलं. बायकोला दाखवलं नाही. मुलगी पुढं कॉलेजात पोहायला लागली आणि सरळ झाली, हे तिचं नशीब. त्यात माझा काही वाटा नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सांगलीहून फोन आला. बायकोच्या जुन्या संघाची कॅप्टन. ती फोनवर बोलत नाही, ओरडते, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"लंबे, ऐक. बास्केटबॉलची लीग निघतीय. आपल्या भागातल्या सहा शहरांच्या टीमा. पोरांच्या वेगळ्या, पोरींच्या वेगळ्या. आणि खेळाडूंना पगार!"

"कसला पगार?"

"खेळायचा पगार गं!"

बायको हसायला लागली. "आपल्याला दोन केळी मिळायची. जिंकलो तर उकडलेलं अंडं."

"ते अंडंसुद्धा तू माझं खायचीस. बरं, पहिली मॅच सांगलीत हाय, पोरींची, सांगली विरुद्ध सातारा. आपल्या जुन्या टीमला बोलावलंय. आणि उद्घाटनाचा फ्री थ्रो तू टाकायचास. फायनलचे शेवटचे दोन तूच टाकलेले, मी सांगून ठेवलंय त्यांना."

बायकोचं हसू थांबलं. "न्हाई गं. मला न्हाई जमायचं."

"का?"

"पाठ बघितलीस का माझी? हात वर जात न्हाईत आता. चारचौघांत हसं व्हायचं." आणि तिनं दुधाचं निमित्त करून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच.

त्या वेळी मी फोटोच्या खालीच बसलो होतो. काय झालं मला सांगता येत नाही. पानाच्या टपरीवर हसं माझं झालं होतं, आणि त्याची भीती इतकी वर्षं तिच्या अंगात जाऊन बसली होती. मी म्हणालो, "जाऊ या आपण. नुसतं बघायला. टाकायचं की नाही ते तिथं ठरव."

"तुमी येणार? बास्केटबॉल बघायला?" तिनं असं विचारलं की मला मान खाली घालावी लागली. तिला खेळताना मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. घरून निघताना मी मनाशी ठरवलं होतं की सांगलीच्या आत तिला सगळं सांगायचं. रहिमतपूर गेलं, मसूर गेलं, कऱ्हाड गेलं. मी खिडकीतून ऊस बघत बसलो. सांगायला तोंड उघडायचं आणि म्हणायचं, भूक लागली का?

कऱ्हाडला समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. वांग्यांची पाटी पायाशी, पिशवी कुणीतरी वरच्या फळीवर टाकून दिलेली. पलूस जवळ आलं तशी ती उठली, हात वर केले, पिशवीपर्यंत पोचेनात. माझ्याकडे बघितलं, मापलं, आणि बायकोकडे वळली. माझी काही तक्रार नाही, बरोबरच होतं.

"बाई, तू उंच हायस. तेवढी पिशवी काढ की."

बायको उठली, बाकावर न चढता पिशवी खाली घेतली.

"आगं बया. लय कामाची हायस. पण अशी वाकून का उभी? छत लांब हाय की तुज्यापास्नं."

"सवय लागली, मावशी."

"कुणी लावली?" म्हातारीनं सहज विचारलं. पिशवीत काहीतरी शोधत होती, उत्तराकडं तिचं लक्षही नव्हतं. दोन वांगी काढून बायकोच्या ओटीत टाकली आणि पाटी उचलून दाराकडं गेली.

मी म्हणालो, "मी लावली."

बायकोनं वांगी पिशवीत ठेवली. माझ्याकडं पाहिलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. पाट, मित्र, गुडघे. रस्त्याची वरची बाजू. टपरीवरचं बोलणं, जे तिला माहीत नव्हतं, आणि माझे ते दोन दिवस. गाडी पलूसच्या पुढं कुठंतरी सिग्नलला थांबली होती, त्यामुळं डब्यात शांतता होती आणि माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. शेवटी म्हणालो, "तुझी पाठ मी वाकवली. मला माफ कर असं कसं म्हणू, तेही कळत नाही."

तिनं पिशवीचा बंद बांधला. मग म्हणाली, "फोटोत गुडघे वाकलेत ते मला ठावं हाय की. मीच होते त्यात."

"तरी कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? त्या दिवशी तुमाला दरदरून घाम सुटला होता. शर्टाची कॉलर ओली झाली होती. मला दया आली. मी म्हटलं, वाकू या एवढं, काय जातंय. त्याचं मला कधीच वाईट वाटलं न्हाई, आवं."

मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "वाईट वाटलं ते पोरीच्या प्रगतिपुस्तकावर तुमी गपचूप सही केली तवा."

"तू पाहिलं होतंस?"

"दप्तर रोज मीच भरायचे. तवा मला वाटलं, आता तरी तुमी काय तरी म्हणाल. मला न्हाई, निदान तिला. सरळ उभी राहा, एवढं तरी." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मी कसं सांगणार तिला? मी सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडंच बघितलं असतं ना."

गाडी हलली. थोड्या वेळानं तिनं डबा उघडला आणि अर्धी चपाती माझ्या हातात दिली. खा म्हणाली नाही, पण दिली.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा गुण दाखवणारा फलक पेटत नव्हता आणि तीन माणसं त्याच्या मागं घुसून एकमेकांना शिव्या देत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, शाळांची पोरं, ढोल-ताशा. कॅप्टननं धावत येऊन बायकोला मिठी मारली. कॅप्टनही आता जाड झाली होती, गुडघ्याला पट्टा. बाकीच्याही आल्या. सगळ्या उंच, सगळ्या पन्नाशीच्या आसपास. त्यांच्या घोळक्यात माझी बायको उंच वाटेना, वाकलेली तेवढी दिसत होती.

साताऱ्याच्या संघातली एक मुलगी सराव करता करता तिच्याजवळ आली. माण तालुक्यातली, घरी मेंढरं, असं नंतर कळलं. या लीगमुळं तिला पहिल्यांदा खेळायचा पगार मिळणार होता. तिनं विचारलं, "काकू, तुमची हाईट किती वं?"

हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे. बायकोचं उत्तर ठरलेलं असायचं, पाच सहा. माझ्याइतकी. मी तिच्याकडं बघत होतो. ती म्हणाली, "पाच नऊ. आता कमी भरंल, मोजायला पाहिजे." मग माझ्याकडं बोट केलं. "हे मोजणीवालेच हायत."

"मग सेंटर खेळायचा का, रिंगखाली?"

"व्हय. पण नेम दुरूनबी होता."

माईकवरून नाव पुकारलं गेलं तेव्हा ती गेली. मला जा म्हणावं लागलं नाही. तिनं चपला काढून माझ्या खुर्चीखाली ठेवल्या आणि अनवाणी रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. पंचानं चेंडू दिला. तिनं तो दोनदा आपटला. ढोल थांबला.

पहिला चेंडू रिंगपर्यंतही पोचला नाही. जाळीच्या खालून गेला, भिंतीला लागला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. पोरांनी "ओऽऽ" केलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी लगेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणजे कार्यक्रम संपला. पंच तिला हात जोडून बाजूला या म्हणत होता. मला वाटलं, झालं. ज्याला ती घाबरत होती तेच झालं, आणि मीच तिला इथं आणलं.

तिनं हात वर केला, दोन बोटं दाखवली. "फ्री थ्रो दोन असतात."

सगळा हॉल हसला. कॅप्टन ओरडली, "बरोबर! नियम हाय!" आता सगळे माझ्याकडं बघत होते, कारण चेंडू माझ्याजवळ होता. मी आयुष्यात तो चेंडू हातात धरला नव्हता. नुसता फेकला असता तर चाललं असतं, पण मला ते सुचलं नाही. मी चेंडू दोन्ही हातांत धरून, देवापुढं नारळ न्यावा तसा, चालत तिच्या रेषेपर्यंत गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, पळा की जरा!" मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला मान वर करून बघावं लागलं. सगळ्यांसमोर.

"जमंल," मी म्हणालो. आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून आलं, "सरळ उभी राहा."

तिनं चेंडू घेतला. "आधी गुडघ्यात वाकावंच लागतं," ती म्हणाली. "सरा मागं."

दुसरा चेंडू आत गेला की नाही ते मी पाहिलं नाही. मी तिच्या गुडघ्यांकडं बघत होतो. साडीच्या निऱ्या खाली आल्या, क्षणभर थांबल्या, आणि सगळं अंग एकदम वर गेलं, टाचा जमिनीवरून सुटल्या, हात डोक्याच्या वर. पाठ पूर्ण सरळ झाली नाही. ती आता होणारही नाही. पण जेवढी गेली तेवढी गेली. मग ढोल वाजला, त्यावरून कळलं.

सामना सांगलीनं जिंकला. माणच्या मुलीला पाच फाउल झाले म्हणून बाहेर काढलं, तिनं तिथं बसून रडारड केली आणि बायकोनं तिला म्हातारीची दोन वांगी दिली. "अंडं न्हाई आणलं," म्हणाली. ती पोरगी रडता रडता हसली. काय समजली कोण जाणे.

परत येताना गाडीत मी म्हणालो की घरातला तो फोटो काढून टाकतो. ती म्हणाली, "का? राहू दे. दिवा पेटेपर्यंत तेवढा वेळ दुसरी कुणी उभी राहिली असती का?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "पोरीला फोन करून मात्र सांगा. प्रगतिपुस्तकाचं. मी सांगणार न्हाई." मी हो म्हणालो. तो फोन मी दुसऱ्या दिवशी केला. त्यात काय बोलणं झालं ते मुलीचं आणि माझं आहे, इथं लिहीत नाही.

कोरेगावला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनपासून घराचा रस्ता, तोच उतरता. ती सवयीनं गटाराच्या बाजूला वळली. मी दोन पावलं भरभर टाकली आणि तिच्या आधी त्या बाजूला जाऊन चालायला लागलो. तिथून ती फारच उंच दिसत होती. पानाच्या टपरीवर दोघं-तिघं बसले होते, त्यांनी मान वळवून पाहिलं.

"जपून," ती म्हणाली. "गटारात पडाल."

पण ती वरच्या बाजूनंच चालत राहिली.